नॉर्टन कमांडोची ब्रीदर नळी: इंजिनपासून टँकपर्यंत, टँकपासून बाहेर

फेब्रुवारीतला रविवार होता. इंग्लंडमधल्या वूल्व्हरहॅम्प्टनहून चर्च स्ट्रेटनपर्यंत, श्रॉपशायरच्या टेकड्यांमधून फेरी मारून मी घरी आलो, माझी नॉर्टन कमांडो ही जुनी ब्रिटिश मोटरसायकल स्टँडवर घेतली आणि सवयीनं मागच्या टायरवरून हात फिरवला. हात काळा झाला. टायरच्या उजव्या कडेला दोन बोटं रुंदीचा ओला पट्टा होता आणि स्विंगआर्मखाली, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याखाली, तेलाचा थेंब लोंबत होता. शेवटचे किती मैल मी तेल लागलेल्या टायरवर वळणं घेत आलो होतो, कोण जाणे. त्या विचारानं पोटात गोळा आला.

गॅस्केट फुटलेलं नव्हतं, ऑइल टँकला चीरही नव्हती. आधीच्या मालकानं एअर फिल्टरचा मूळचा मोठा डबा काढून कार्ब्युरेटरच्या तोंडाला दोन छोटे फिल्टर लावले होते. त्या डब्याला जोडलेली ऑइल टँकची ब्रीदर नळी, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारी नळी, मात्र मडगार्डच्या आत तशीच लोंबत सोडली होती. या गाड्यांमध्ये ही चूक फार सर्रास दिसते. म्हणूनच ही नळी कुठून न्यायची आणि कशी तपासायची, ते नीट सांगतो.

माझी गाडी १९७४ची कमांडो ८५० आहे, म्हणून मोजमाप आणि जागा तिच्याच सांगेन. ट्रायम्फ किंवा बीएसएच्या जुळ्या सिलिंडरच्या गाड्यांत जागा बदलतात, नळी नेण्याचे नियम तेच राहतात.

आधी इंजिनाचा श्वास समजून घ्या

कमांडो ड्राय सम्पची आहे. तेल इंजिनाच्या पोटात साठत नाही, उजव्या साइड पॅनलमागच्या टँकमध्ये असतं. गिअर पंपाचा एक भाग टँकमधलं तेल इंजिनाला पुरवतो आणि दुसरा भाग क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीच्या, तळातलं तेल उपसून परत टँकमध्ये टाकतो. उपसणाऱ्या भागाची गिअर जाणूनबुजून जास्त रुंद ठेवलेली असतात, म्हणजे तळ कोरडा राहतो. त्यामुळे टँकमध्ये येताना तेलाबरोबर हवाही येते आणि तेलाला फेस येतो. ही हवा टँकमधून बाहेर पडायला वाट हवीच.

दुसरा हिशेब पिस्टनचा. या इंजिनात दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर जातात आणि एकाच वेळी खाली येतात. ७७ मिलिमीटर बोअर, ८९ मिलिमीटर स्ट्रोक, दोन सिलिंडर मिळून ८२८ सीसी. एक पिस्टन वर असताना दुसरा खाली असता तर क्रँककेसमधली हवा इकडून तिकडे सरकली असती. इथे तसं होत नाही. पिस्टन खाली येताना ८२८ सीसी हवा रेटली जाते आणि वर जाताना तेवढीच ओढली जाते. ३००० आरपीएमला हे सेकंदाला ५० वेळा घडतं. त्यात पिस्टनच्या रिंगांमधून निसटलेला जळका वायू मिसळतो, तो वेगळाच.

ही हवा ब्रीदर नळीतून ऑइल टँकच्या माथ्यावर येते. तिथे तेलाचे थेंब सुटून खाली पडतात आणि उरलेली हवा दुसऱ्या नळीनं बाहेर जाते. म्हणजे नळ्या दोन आहेत: पहिली इंजिनापासून टँकपर्यंत, दुसरी टँकपासून बाहेर. दुसरी तुंबली की पहिलीही तुंबते, आणि मग दाब स्वतःची वाट शोधतो. क्रँकच्या सीलमधून तेल प्रायमरी चेनकेसमध्ये, म्हणजे इंजिन ते क्लच या चेनच्या डब्यात, जातं, रॉकरच्या झाकणांतून झिरपतं, टॅकोमीटरच्या ड्राइव्हपाशी ओल धरतं. लोक एकामागून एक गॅस्केट बदलत राहतात आणि गळती काही थांबत नाही.

आपली गाडी कुठल्या पिढीची, ते बघा

कमांडो १९६८ ते १९७७ या काळात बनली आणि तेवढ्यात इंजिनाच्या ब्रीदरची जागा बदलत गेली. सुरुवातीच्या ७५० गाड्यांत कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) डाव्या टोकाला फिरणारा टाइम्ड, म्हणजे ठरावीक वेळीच उघडणारा, ब्रीदर आहे. नॉर्टनचा कॅमशाफ्ट पुढे असल्यामुळे नळी इंजिनाच्या पुढून निघते आणि लांबचा वळसा घेऊन टँकपर्यंत जाते. १९७२च्या क्रँककेसमध्ये ती मागून, बरीच खालून निघते. १९७३पासून, आणि सगळ्या ८५० गाड्यांत, ती टायमिंग केसच्या, म्हणजे इंजिनाच्या उजव्या अंगाच्या पेटीच्या, मागच्या बाजूला, वरून निघते. तिघींमध्ये ही शेवटची जागा सर्वांत सोयीची. उगम उंचावर आणि टँकही उजव्याच अंगाला, त्यामुळे वाट जवळची आणि चढती मिळते.

ट्रायम्फ ६५०चा मालक असाल तर १९७०च्या मॉडेलपासून इंजिन प्रायमरी चेनकेसमधून श्वास घेतं, हे लक्षात ठेवा. ड्राइव्ह साइडच्या, म्हणजे चेनकेसकडच्या, मेन बेअरिंगमागचं सील तिथे मुद्दामच नसतं. कुणी ‘विसरलेलं सील’ समजून ते बसवलं तर इंजिनाचा गळा दाबला जातो. आपल्याकडच्या जुन्या बुलेटवाल्यांना हा विषय परका नाही. तिच्या ब्रीदर नळीतली बदकाच्या चोचीसारखी रबरी झडप कडक झाली की इंजिन कसं तेल ओकतं, ते त्यांनी पाहिलेलं असतं.

काम सुरू करण्याआधी

सीटच्या दोन्ही बाजूंचे खाचेदार गोल नट सैल करून सीट काढा, मग साइड पॅनल काढा. कुठल्याही नळीला हात लावण्याआधी चारही बाजूंनी फोटो घ्या आणि प्रत्येक नळीला चिकटपट्टी लावून तिचं काम लिहून ठेवा. टँकला चार नळ्या असतात: इंजिनाला तेल पुरवणारी, ते परत आणणारी आणि दोन ब्रीदर. त्यात बॅटरीची आम्लाची वाफ नेणारी बारीक नळी जवळूनच जाते. तिचा आणि ब्रीदरचा संबंध येऊ देऊ नका, दोघींना एका केबल टायमध्ये बांधूही नका.

तेलाची पातळी या कामाचाच भाग आहे. टँकमध्ये सुमारे २.८ लिटर तेल मावतं. गाडी आठवडाभर उभी राहिली की पंपातून तेल हळूहळू क्रँककेसमध्ये उतरतं. याला वेट सम्पिंग म्हणतात. डिपस्टिक कोरडी दिसली म्हणून माणूस वरून तेल ओततो, गाडी सुरू करतो, खाली उतरलेलं तेल पंप परत टँकमध्ये आणतो, आणि जास्तीचं सगळं ब्रीदरमधून बाहेर फेकलं जातं. मग दोष नळीच्या माथी येतो. म्हणून पातळी नेहमी गाडी दहा मिनिटं चालवून, इंजिन बंद केल्यावर लगेच बघायची. मी ती डिपस्टिकच्या दोन खुणांच्या मधोमध ठेवतो, वरच्या खुणेला कधी टेकवत नाही. हिवाळाभर गाडी उभी असेल तर किक मारण्याआधी क्रँककेसच्या तळाचा प्लग काढून तेल एका भांड्यात घ्या. माझ्या गाडीतून अर्धा लिटर सहज निघतं. ते गाळून परत टँकमध्ये टाका.

टँकचा माथा साफ करा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. टँकच्या आत, माथ्याशी, तेल आणि हवा वेगळी करणारी एक उभी नळकांडी असते. इंग्लंडच्या थंडीत छोट्या फेऱ्या मारल्या की इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ थंड होते आणि तेलात मिसळून पांढरट पिवळा साका तयार होतो. दिसायला अगदी घट्ट साईसारखा. तो या नळकांडीत जाऊन बसतो.

टँक रिकामा करून उतरवा. ब्रीदरच्या एका तोटीतून, म्हणजे नळी बसते त्या टोकातून, थोडं पॅराफिन, म्हणजे आपलं रॉकेल, ओता आणि ते झाकणाच्या तोंडातून मोकळं येतंय का ते बघा. मग दुसऱ्या तोटीतून ओता. माझ्या टँकच्या बाहेर जाणाऱ्या तोटीतून पहिल्यांदा काहीच आलं नाही. अर्धा तास रॉकेल भरून ठेवलं आणि हलवलं, तेव्हा करंगळीएवढी पांढऱ्या साक्याची गोळी भसकन बाहेर पडली. साफ झालं की टँक पालथा करून पूर्ण निथळू द्या आणि थोडं इंजिन ऑइल आत फिरवून ओतून टाका.

नळी कुठली घ्यायची

नळीचा आतला व्यास तोटीच्या बाहेरच्या व्यासाएवढा किंवा अगदी अर्धा मिलिमीटर कमी हवा. व्हर्निअर कॅलिपरनं तोटी मोजा. या टँकांच्या तोट्या पन्नास वर्षांत कुणीकुणी ठोकून, झाळून बदललेल्या असतात, त्यामुळे पुस्तकातल्या आकड्यावर विसंबू नका. वाटेत कुठेही नळी तोटीपेक्षा बारीक होता कामा नये. हाताशी जोडणी नाही म्हणून मधे बारीक तुकडा घालणं म्हणजे सगळ्या नळीचंच तोंड बारीक करणं.

साहित्य नायट्राइल रबराचं, तेलाला टिकणारं, धाग्यानं मजबूत केलेलं घ्या. पारदर्शक प्लास्टिक नळी आतलं दिसतं म्हणून मोह पाडते, पण इंजिनाच्या उष्णतेनं वर्षभरात कडक आणि पिवळी होते आणि तोटीवरून सुटते. मोटारीच्या हीटरची नळी तर मुळीच नको. ती पाण्यासाठी बनवलेल्या ईपीडीएम रबराची असते आणि तेलानं फुगून मऊ पडते. दुकानात दोन्ही काळ्याच दिसतात, म्हणून नळीवरची छापील अक्षरं वाचून घ्या. साधी रंगीत सिलिकोन नळीही तेलासाठी नाही.

नळी विकत घेताना हातात धरून वाकवून बघा. जिथे तुमचं वळण येणार आहे तेवढ्या वळणाला ती चपटी झाली तर जाड भिंतीची घ्या, किंवा त्या ठिकाणी साच्यातून वळवलेली तयार कोपऱ्याची नळी लावा. चपटं होऊ नये म्हणून आत स्प्रिंग घालणारे लोक आहेत. माझ्या मते ते टाळावं, कारण स्प्रिंगच्या प्रत्येक वेढ्यात साका अडकतो.

पहिली नळी: इंजिन ते टँक

आधी नळी कापू नका. एक मऊ, जाड तार घ्या, ती एका तोटीपासून दुसऱ्या तोटीपर्यंत हव्या त्या वाटेनं वाकवा आणि मग तारेच्या मापानं नळी कापा. पाच मिनिटांचं काम आहे, पण नळी आखूड पडण्याचा प्रकार टळतो.

वाटेचा नियम एकच: इंजिनाच्या तोटीपासून टँकच्या तोटीपर्यंत नळी सतत चढती हवी. मधे कुठेही झोळ नको. झोळात तेल आणि पाणी साचतं. उन्हाळ्यात प्रत्येक झटक्याला तेच तेल पुढे ढकललं जातं. हिवाळ्यात रात्री पारा शून्याखाली गेला की साचलेलं पाणी गोठतं आणि सकाळी इंजिन बंद बाटलीसारखं होतं. चढती नळी असली की आत जमलेला प्रत्येक थेंब आपोआप इंजिनात परत जातो. १९७२च्या किंवा त्याआधीच्या गाड्यांत उगमच खाली असल्यामुळे थोडा आडवा प्रवास अटळ आहे. तिथे निदान एक करा: आडवा भाग तोटीच्या पातळीखाली जाऊ देऊ नका आणि तो संपताच नळी सरळ वर घ्या.

आता कमांडोची खास गोष्ट. हिचं इंजिन, गिअरबॉक्स आणि स्विंगआर्म हे सगळं आयसोलॅस्टिक, म्हणजे कंपनं शोषणाऱ्या, रबरांवर लटकलेलं आहे आणि ऑइल टँक मात्र चासीला धरलेला आहे. गाडी आयडलवर सोडून वाकून बघा. इंजिन चासीत डोळ्यांना दिसेल इतकं हलतं. म्हणजे या नळीचं खालचं टोक नाचतंय आणि वरचं स्थिर आहे. नळी ताणून लावली तर काही आठवड्यांत तोटीपाशी चीर पडते. तारेच्या मापापेक्षा दोन ते तीन सेंटिमीटर जास्त ठेवा. हे वाढीव माप झोळासारखं खाली पडू नये, बाजूला हलक्या कमानीसारखं राहावं.

चासीच्या नळकांड्याला किंवा गिअरबॉक्सच्या पट्टीला नळी घासत असेल तिथे तिच्यावर जुन्या नळीचा उभा कापलेला तुकडा चढवा. केबल टाय लावायचाच असेल तर फक्त चासीच्या बाजूला आणि सैल. इंजिन आणि चासी अशा दोन्ही ठिकाणी नळी बांधली की आयसोलॅस्टिकचं सगळं हलणं त्या मधल्या बोटभर रबरावर येतं. उजव्या एक्झॉस्ट पाइपपासून निदान चार बोटं अंतर ठेवा, आणि किक पूर्ण खाली दाबून तिचा दांडा नळीला लागत नाही ना, ते बघा.

क्लिप म्हणून ज्युबिली क्लिप, म्हणजे स्क्रूनं आवळायची पट्टी, चालते. हा शोधही इथलाच, रॉयल नेव्हीतल्या लमली रॉबिन्सन यांनी १९२१ साली लावलेला. मात्र ती आवळताना हात आखडता घ्या. इथे दाब फार नसतो, नळी निसटू नये एवढंच पाहिजे. जास्त आवळली की क्लिपच्या खाचा रबरात घुसतात. गुळगुळीत आतल्या पट्टीच्या इंधन क्लिप मिळाल्या तर त्या अधिक चांगल्या.

दुसरी नळी: टँकपासून बाहेर

टँकमधून निघाल्यावर ही नळी लगेच खाली सोडू नका. सीटखाली जागा बघून आधी दहा सेंटिमीटर तरी वर न्या. वेगात गाडी डोलते, तेल माथ्यापर्यंत उसळतं, तेव्हा या चढावरून थेंब परत टँकमध्ये पडतात. त्यानंतर खुशाल खाली उतरवा, पण एकदा उतार सुरू झाला की शेवटपर्यंत उतारच.

मूळचा फिल्टरचा डबा असेल तर त्याच्या मागच्या पत्र्याला नळीसाठी तोटी असते, तिथेच जोडा. कार्ब्युरेटरची हलकी ओढ मिळते आणि वाफ इंजिनात जाऊन जळते. पातळी योग्य असेल तर कागदी फिल्टर कोरडा राहतो. तो तेलानं ओला होऊ लागला तर आधी पातळी आणि मग रिंगा तपासा.

डबा नसेल तर तेल झेलणारी बाटली लावा, मी तेच केलं. अर्धा लिटरची ॲल्युमिनियमची बाटली डाव्या बाजूला, बॅटरीच्या मागे बसते. नळी बाटलीच्या माथ्यातून आत जावी, पण आत साचलेल्या तेलात बुडू नये. बाटलीला स्वतःचं मोकळं छिद्र किंवा छोटा फिल्टर हवाच. एका ओळखीच्या माणसानं गळू नये म्हणून बाटली पूर्ण सीलबंद केली होती, आणि तीन दिवसांत रॉकरच्या झाकणांतून तेल वाहू लागलं. बाटली लावली तर दर महिन्याला रिकामी करा. गाडी ट्रॅकवर न्यायची असेल तर ही बाटली लागतेच.

दोन्ही नको असतील आणि नळी मोकळीच सोडायची असेल, तर ती मडगार्डच्या दांडीला धरून नंबर प्लेटच्या मागे, टायरच्या मागच्या कडेपलीकडे न्या. टोक तिरकं कापा, म्हणजे कुठे टेकलं तरी पूर्ण बंद होणार नाही. टोकाचं तोंड मागे आणि खाली ठेवा. पुढे तोंड असेल तर वाऱ्याचा दाब आत शिरतो. चेनला आपोआप तेल मिळेल म्हणून तिच्यावर टोक सोडण्याची जुनी पद्धत मला मान्य नाही. चेनवरचं तेल चाकावर उडतं, आणि चाकावरून टायरवर.

झडप लावायची का?

इंजिनाच्या ब्रीदरला एकमार्गी रीड (पातळ पट्टीची) झडप लावली तर पिस्टन खाली येताना हवा बाहेर जाते आणि वर जाताना परत येत नाही. क्रँककेसमधला सरासरी दाब बाहेरच्या हवेपेक्षा थोडा कमी राहतो आणि जुन्या सांध्यांमधली गळती खरोखर कमी होते. मी लावली आहे आणि समाधानी आहे. दोन अटी आहेत. झडप इंजिनाच्या जितकी जवळ तितकी बरी, कारण मधल्या लांब नळीतली हवा उगाच पुढेमागे होत राहते. आणि तिचा बाण टँककडे हवा. टँकपासून बाहेर जाणाऱ्या नळीत कुठलीही झडप घालू नका. उलटी बसली तर टँकमध्ये दाब कोंडतो.

जोडल्यावरची तपासणी

टँकचं झाकण लावा, नळीचं बाहेरचं टोक स्वच्छ पुसून तोंडात धरा, इंजिनाकडची नळी टँकच्या तोटीवरून काढून ठेवा आणि फुंका. हवा अडखळता कामा नये. मग सीट बसवा, वर माणूस बसवा आणि पुन्हा फुंका. माझ्या मुलीला मी सीटवर बसवलं आणि फुंकलं, तर ती वरून म्हणाली, “बाबा, तुमचे नुसते गालच फुगतायत.” सीटचा खालचा पत्रा नळीवर टेकत होता. रिकाम्या गाडीवर सगळं ठीक, माणूस बसला की श्वास बंद. नळी दोन सेंटिमीटर मागे सरकवली आणि प्रश्न मिटला.

इंजिनाकडची नळी परत जोडा आणि गाडी सुरू करा. झाकण उघडून परत येणारं तेल बघा. सुरुवातीला सलग धार, मग हवेच्या बुडबुड्यांसह तुटक धार, हे बरोबर. झाकण लावून बाहेरच्या टोकापाशी तळहात धरा, फुंकरीसारखे झटके जाणवले पाहिजेत. झडप असेल तर हवा फक्त बाहेर येईल. नसेल तर हात किंचित ओढल्यासारखाही वाटेल. टोकाजवळ पातळ कागद धरला तर हे आणखी स्पष्ट दिसतं.

पहिली फेरी दहा मैलांची ठेवा. परत आल्यावर टॉर्च घेऊन नळीची दोन्ही टोकं, इंजिनाची मागची बाजू आणि मागचा टायर बघा. पन्नास मैलांनंतर क्लिप एकदा आवळा, कारण नवं रबर बसतं. इथे ब्रिटनमध्ये मे २०१८पासून चाळीस वर्षांहून जुन्या, मोठे बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक एमओटी तपासणीतून सूट आहे. म्हणजे या नळ्यांकडे दुसरं कुणी बघणार नाही. मी दर नोव्हेंबरला, थंडी सुरू होताना, दोन्ही नळ्या काढतो, आतून कापड ओढून साका पुसतो आणि बोटानं दाबून बघतो. दाबल्यावर बारीक भेगा दिसल्या तर नवी नळी, नाहीतर तीच परत. मागच्या फेब्रुवारीत पुन्हा चर्च स्ट्रेटनला जाऊन आलो. टायर कोरडा होता, आणि बाटलीच्या तळाशी चमचाभर पांढरट साका.